मिलिंग यंत्राची अचूकता

मिलिंग यंत्राची अचूकता म्हणजे फिरत्या, अनेक धारांच्या कटरने धातू कापताना जॉबवर प्रत्यक्ष उतरणारे माप व आकार आणि ड्रॉइंगमधील अपेक्षित माप व आकार यांतील जवळीक होय. मोठ्या कारखान्यातील संगणकनियंत्रित यंत्रांत ती बरीचशी बांधणीतच आलेली असते. घरालगतच्या खोलीत किंवा पत्र्याच्या लहान शेडमध्ये चालणाऱ्या हाताच्या, बहुधा जुन्या विकत घेतलेल्या यंत्रात मात्र ती तपासून, दुरुस्त करून आणि सांभाळून मिळवावी लागते. प्रस्तुत लेखात अशा लहान कार्यशाळेतील उभ्या स्पिंडलच्या मिलिंग यंत्राचा विचार केला आहे.

अचूकता, पुनरावृत्ती आणि लघुत्तम माप या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. डायल गेजवर ०.०१ मिमी वाचता येते, म्हणून यंत्र तेवढे अचूक ठरत नाही. प्रत्येक जॉब सारखाच ०.०८ मिमी लहान येत असेल, तर यंत्राची पुनरावृत्ती उत्तम असून अचूकता सदोष आहे. असा दोष शोधून काढता येतो. कधी मोठा, कधी लहान असा जॉब येत असेल, तर कोठेतरी काहीतरी हलत आहे आणि ते आधी थांबवावे लागते. फॅब्रिकेशन व सुतारकामात ‘सूत’ हे माप अजून चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.१८ मिमी. मिलिंगच्या कामात साधारणतः त्याच्या दीडशेव्या हिश्शाचा, म्हणजे ०.०२ मिमीचा हिशेब द्यावा लागतो.

चिकलठाण्यातील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर, विमानतळाच्या परिसरात असलेली चिकलठाणा औद्योगिक वसाहत ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) मराठवाड्यातील जुन्या वसाहतींपैकी एक आहे. शहराच्या दुसऱ्या टोकास वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर सुट्या भागांची मागणी वाढली आणि जॉबवर्क करणाऱ्या लहान कार्यशाळांना मोठे क्षेत्र मिळाले. टूल, डाय व साचे बनविण्याचे प्रशिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र शासनाची संस्था चिकलठाणा वसाहतीतच आहे.

अशा कार्यशाळांत गुडघ्यासारख्या वरखाली होणाऱ्या आधाराचे, फिरवता येणाऱ्या हेडचे यंत्र सर्रास आढळते. भारतीय बाजारात त्याला ‘एम१टीआर’ म्हणतात. या घडणीचा मूळ नमुना १९३८ मध्ये अमेरिकेत ब्रिजपोर्ट येथे तयार झाला. हेड दोन्ही दिशांना कलते करता येणे हा त्याचा मोठा गुण, आणि अचूकतेच्या दृष्टीने तोच त्याचा मोठा दोष. जे हलविता येते ते आपोआपही हलते.

जॉबवर्कच्या व्यवहारात कच्चा माल बहुधा ग्राहकाचा असतो आणि कार्यशाळेला फक्त मजुरी मिळते. नग नाकारला गेला, तर मजुरी जाते आणि पुष्कळदा मालाची किंमतही भरून द्यावी लागते. पन्नास नगांच्या फेरीतील चारपाच नग परत आले, तरी त्या कामातील नफा संपतो. त्यामुळे यंत्राच्या तपासणीला दिलेला एक दिवस हा रिकामा गेलेला दिवस समजणे चुकीचे आहे.

पाया आणि लेव्हल

मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर पातळ कोबा घालून ठेवलेले यंत्र जूनमध्ये एका लेव्हलला आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लेव्हलला असते. म्हणून यंत्राखालची काळी माती काढून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खोदणे आणि तेथून काँक्रीटचा स्वतंत्र चौथरा वर आणणे हा योग्य उपाय आहे. भाड्याच्या जागेत हे शक्य नसल्यास निदान पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर लेव्हल तपासली जाते. त्यासाठी गवंड्याची लेव्हल चालत नाही. मीटरला ०.०२ मिमीचा कल एका खुणेने दाखविणारी यंत्रकामाची लेव्हल लागते.

मिलिंग यंत्र पूर्णतः आडव्या पातळीत असणे हे स्वतःपुरते फारसे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे, की चारही पायांवर भार नीट बसून बैठकीला पीळ पडू नये. एका कोपऱ्याखाली फट राहिली आणि बोल्ट आवळून ती बुजविली, तर ओतीव लोखंडाचा सांगाडाही किंचित पिळतो आणि त्याचा परिणाम थेट सरकमार्गांवर होतो.

सरकमार्ग आणि गिब

टेबल, सॅडल आणि नी हे तीन भाग एकमेकांवर सरकतात. त्यांच्यातील मोकळीक निमुळत्या पट्टीने, म्हणजे गिबने, बसविली जाते. टेबलाच्या टोकाशी डायल गेज लावून टेबल हाताने आडवे ढकलले आणि काटा ०.०२ मिमीपेक्षा बराच जास्त हलला, तर गिब सैल आहे असे मानतात. गिब हळूहळू आवळत, हँडल फिरविताना किंचित जडपणा जाणवेपर्यंत नेतात.

येथे जुन्या यंत्राची खरी अडचण समोर येते. बहुतेक काम टेबलाच्या मधल्या भागात होत असल्याने सरकमार्ग मध्येच अधिक झिजतो. मध्यावर गिब बरोबर बसविला, तर टोकाकडे टेबल अडकते. टोकाला मोकळे चालेल असा ठेवला, तर मध्ये डुलते. अशा यंत्रात मधल्या भागातच काम करायचे असल्यास गिब तेथील झिजेनुसार बसवून टोकाकडची हालचाल सोडून देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. कापताना जी हालचाल नको आहे तिचे लॉक आवळून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय असून, तोच बहुधा विसरला जातो.

सरकमार्गाची सपाटी सरफेस प्लेटवर निळा रंग लावून तपासण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. तीन प्लेटी आळीपाळीने एकमेकींवर घासून खरी सपाटी मिळविण्याची व ती स्क्रॅपरने खरवडून साधण्याची पद्धत ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० मध्ये मांडली. दोनच प्लेटी वापरल्यास एक फुगीर व दुसरी खोलगट होऊनही दोन्ही एकमेकींवर चपखल बसतात, म्हणून तिसरी आवश्यक असते.

हेड काटकोनात आणणे

स्पिंडलचा अक्ष टेबलाच्या पृष्ठभागाशी काटकोनात आणण्याच्या कामाला कारागीर ‘हेड ट्राम करणे’ म्हणतात. वीज बंद करून व स्पिंडल मोकळे ठेवून त्याच्या कोलेटमध्ये एक आडवी दांडी बसवतात. दांडीच्या टोकाला डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवले, की गेजचे टोक टेबलावर मोठे वर्तुळ काढते. डावे-उजवे आणि पुढचे-मागचे वाचन सारखे आले, म्हणजे हेड सरळ आहे. वर्तुळ जितके मोठे तितका दोष स्पष्ट दिसतो. ३०० मिमी व्यासावर ०.०२ मिमीच्या आत फरक राखणे हे जुन्या यंत्रावर चांगले काम समजले जाते. टी-खाचांवर गेज अडखळू नये म्हणून टेबलावर घासून सपाट केलेली जाड प्लेट किंवा मोठ्या बेअरिंगची कडी ठेवतात. बोल्ट शेवटचे आवळताना हेड पुन्हा हलते, त्यामुळे चारही बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने आवळून वाचन पुन्हा घ्यावे लागते.

दोषाचा परिणाम हिशेबाने समजतो. डाव्या व उजव्या वाचनांत ३०० मिमीवर ०.०५ मिमीचा फरक असेल आणि ८० मिमी व्यासाचा फेस कटर त्याच, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेने चालविला, तर कापलेला पृष्ठभाग सपाट न राहता मध्ये सुमारे ०.००७ मिमी खोल होतो. कल पुढे-मागे असेल तर शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये पायरी पडते. फेऱ्यांतील अंतर ६० मिमी धरल्यास ती सुमारे ०.०१ मिमीची असते. बोटाच्या नखाला ती लागते आणि तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही.

हेड ट्राम करण्यापूर्वी गिब व लॉक यांचे काम पूर्ण झालेले असावे लागते. डुलणाऱ्या टेबलाशी जुळवलेले हेड दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकीचेच ठरते.

बॅकलॅश आणि डिजिटल रीडआउट

लीड स्क्रू आणि नट यांच्या आट्यांतील मोकळिकीला बॅकलॅश म्हणतात. हँडल उलट फिरविताना टेबल लगेच हलत नाही, आधी ही मोकळीक भरून निघते. डायल गेज टेबलाला टेकवून हँडल एका दिशेने व मग उलट फिरविले, की काटा हलेपर्यंत हँडलच्या रिंगवर वाया गेलेले अंतर हाच बॅकलॅश होय. पुष्कळ यंत्रांत नट दोन भागांचा असून स्क्रूने आवळता येतो, परंतु लीड स्क्रूही मध्येच अधिक झिजलेला असल्याने पूर्ण आवळणी शक्य होत नाही. प्रत्येक माप एकाच दिशेने गाठणे, पुढे गेल्यास एक-दोन वेटोळे मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने जाणे, ही जुनी शिस्त म्हणूनच आजही उपयोगी आहे.

कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकविला, म्हणजे क्लाइंब मिलिंग केले, तर कटर टेबलाला पुढे ओढतो आणि बॅकलॅशइतके टेबल एकदम उडी मारते. यात कटर तुटण्याचा, जॉब व्हाइसमधून निसटण्याचा आणि हात जखमी होण्याचा धोका असतो. सैल नटाच्या हातयंत्रावर अशी कापणी अगदी हलक्या शेवटच्या फेरीपुरती, टेबलाचे लॉक अर्धवट आवळून करतात, अन्यथा टाळतात.

काचेच्या पट्टीवर आधारलेला डिजिटल रीडआउट, ज्याला सर्वजण डीआरओ म्हणतात, बसविल्यास टेबल प्रत्यक्ष कोठे आहे ते कळते, कारण तो लीड स्क्रूवर अवलंबून नसतो. त्याची नेहमीची वाचनक्षमता ०.००५ मिमी असते. मात्र तो बॅकलॅश काढून टाकत नाही, फक्त दाखवितो. शिवाय पट्टी ज्या रेषेत असते तेथून कटर दूर असेल, तर टेबलाचा किंचित कोनीय डोलही चूक बनतो. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अबे याने १८९० मध्ये मांडलेले हे तत्त्व आहे. १० विकलांचा कल आणि १०० मिमी अंतर यांतून सुमारे ०.००५ मिमीची चूक निघते आणि पडद्यावरील आकड्यात ती कोठेच दिसत नाही. सैल गिबवर महागडा डीआरओ बसविणे हा म्हणून क्रम चुकलेला खर्च आहे.

कटर, व्हाइस आणि पकड

पुढे आलेल्या कटरची लवचीकता त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० मिमीची एंड मिल ३० मिमीऐवजी ४५ मिमी बाहेर ठेवली, तर त्याच बलाने ती सुमारे ३.४ पट वाकते. खिशाच्या भिंती तळाशी जाड येतात त्याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून या लांबीत असते. स्पिंडलच्या निमुळत्या भोकात किंवा कोलेटमध्ये अडकलेला एक बारीक कीस कटरला लंगडा फिरवतो, म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी दोन्ही पृष्ठभाग पुसले जातात.

व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या सरकण्याला समांतर आहे की नाही, हे डायल गेज फिरवून पाहतात. आवळताना सरकता जबडा वर उचलला जातो व जॉबही उचलतो. पॅरलल पट्ट्या हाताने हलत असतील तर जॉब बसलेला नाही असे समजून मऊ हातोड्याने तो ठोकून बसवितात.

तापमान

लांबीच्या मापनाचे आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. चिकलठाण्यात मे महिन्यात दुपारी तापमान ४० अंशांपुढे जाते आणि पत्र्याखाली ते आणखी जाणवते. पोलादी जॉब पोलादी मापकाने, दोन्ही सारख्याच तापमानाचे असताना मोजला तर फारसे बिघडत नाही, कारण दोन्ही सारखेच प्रसरण पावतात. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्याचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे. ४० अंशांवर पोलादी व्हर्निअरने बरोबर २०० मिमी मोजलेला ॲल्युमिनियमचा नग ग्राहकाच्या २० अंशांच्या वातानुकूलित तपासणी खोलीत सुमारे ०.०४६ मिमी लहान भरतो. मर्यादा ±०.०२ मिमी असेल तर तो नाकारला जातो, आणि कार्यशाळेत पुन्हा मोजल्यावर मात्र तो ‘बरोबर’ दिसतो. ग्राहक व जॉबवर्क करणारा यांच्यातील कित्येक वादांचे मूळ अशा ठिकाणी असते.

उपाय साधे आहेत. शेवटची फेरी सकाळी घेणे, कापून गरम झालेला जॉब मापकाशेजारी लोखंडी प्लेटवर निवू देणे, ॲल्युमिनियमसाठी फरक हिशेबात धरणे आणि यंत्रावर थेट ऊन येणाऱ्या खिडकीला आडोसा करणे. स्पिंडलची बेअरिंगेही चालू झाल्यावर तापतात. त्यामुळे अर्धा तास यंत्र मोकळे चालवून मगच नाजूक काम हाती घेतात.

तपासणी आणि दुरुस्तीची मर्यादा

यंत्राच्या भूमितीच्या तपासण्या प्रथम सुसूत्रपणे एकत्र केल्या त्या जर्मनीतील प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनी, १९२७ मध्ये. वरखाली होणाऱ्या टेबलाच्या मिलिंग यंत्रांसाठी आज आयएसओ १७०१ हे मानक आहे. लहान कार्यशाळेत सर्व चाचण्या होत नाहीत, पण एक चाचणी सहज होते. काटकोनासाठी गुण्या एकदा एका बाजूने व एकदा उलटून वापरतात. गुण्याची स्वतःची चूक दोन वाचनांत विरुद्ध चिन्हाने येते आणि यंत्राची चूक तशीच राहते. दोन्हींची सरासरी यंत्राबद्दल सांगते, तर फरकाचे अर्धे गुण्याबद्दल. त्यासाठी महाग उपकरण लागत नाही. मापके मात्र ठरावीक काळाने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागतात.

झीज फार असल्यास सरकमार्ग ग्राइंड करून, टेबलाच्या खालच्या बाजूस टर्साइट नावाचे टेफ्लॉनयुक्त पातळ अस्तर चिकटवून व ते खरवडून यंत्र पुन्हा उभे केले जाते. ग्राइंडिंगने भाग खाली बसतात, त्यामुळे अस्तराची जाडी लीड स्क्रूची मूळ उंची परत मिळेल अशी निवडतात. ती चुकल्यास नट व स्क्रू एका रेषेत राहत नाहीत, टेबल जड चालते आणि नवा नटही थोड्याच काळात झिजतो.