विळी आणि शेफील्डची सुरी

गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, नॉटिंगहॅमच्या हायसन ग्रीन भागातल्या एका दुकानातून मी साडेचार किलोची अख्खी गोठवलेली सुरमई घरी आणली. दुकानदार म्हणत होता, करवतीवर दोन मिनिटांत तुकडे करून देतो. इथल्या आशियाई दुकानांत गोठलेला मोठा मासा विजेच्या करवतीवर लाकडासारखा कापतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. पण त्यात हाडाचा भुसा मांसाला चिकटतो आणि पोट साफ न होताच तुकडे पडतात. म्हणून मी बाणेदारपणे "नको" म्हटलं. शेवटी अलिबागचा माणूस! आमच्या घरी मासा विकत आणणं हे पुरुषांचं काम आणि कापणं बायकांचं, हा तपशील मात्र त्या क्षणी विसरलो.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मासा सैल झाला. लग्नात भेट आलेली शेफील्डची लांब, पातळ सुरी काढली. कणा लागेपर्यंत ती लोण्यातून जावी तशी गेली. तिथे मात्र पातं वाकलं, घसरलं आणि थेट माझ्या अंगठ्यात. पहिल्या दोन तुकड्यांचा खिमा झाला. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "अरे, सुरीने कशाला? आजीची विळी काय शोभेला ठेवलीयस?"

विळी माळ्यावर होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा बॅगेत घालून घेऊन आली होती. आता गुडघ्यांमुळे तिला ना प्रवास होत, ना जमिनीवर बसवत. तेव्हापासून विळीही बसून होती.

अंगठ्याला पट्टी लावून मी विचार करत बसलो (इंजिनियरची खोड, दुसरं काय). दोष सुरीचा नव्हताच. ती लवचिक सुरी हाड कापायला केलेलीच नसते. कण्याला आणि फासळ्यांना चाटत चाटत जाऊन मांस हाडापासून उचलायचं, हे तिचं काम. म्हणून ती वाकते. उलट आपल्या विळीत पातं जागचं हलत नाही, मासा हलतो. पाय पाटावर, दोन्ही हात बुळबुळीत मासा धरायला मोकळे, आणि वरून अंगाचा भार. साडेचार किलोचा मासा एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने कापण्यापेक्षा हे किती सोपं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग प्रश्न पडला की इंग्रजांना हाडांचं एवढं वावडं का? तर पूर्वी ते नव्हतं. मिसेस बीटन बाईंच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात कॉड माशाचं डोकं आणि खांदे अख्खे टेबलावर आणून कसे वाढायचे, ते सांगितलं आहे. म्हणजे डोकं हा मानाचा पदार्थ होता, अगदी आपल्यासारखा! पण त्याच सुमारास ग्रिम्झबीसारख्या बंदरांतून रेल्वेने मासा आतल्या शहरांत जाऊ लागला. १८६० च्या दशकात फिश अँड चिप्सची दुकानं निघाली. कागदात गुंडाळून रस्त्यात उभ्याने खायचा मासा काट्यांचा कसा चालेल? मासा घराऐवजी धक्क्यावर आणि कारखान्यात कापला जाऊ लागला, हाडं तिथेच राहिली. १९५५ मध्ये फिश फिंगर आले, आणि इथल्या पोरांच्या दृष्टीने मासा चौकोनी झाला.

आपल्याकडे तसं घडलं नाही. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा. तिथे लिलाव होतो, बर्फ पडतो, ट्रक भरतात, तरी मोठा घोळ किंवा सुरमई घराघरांत हाडासकटच पोचते. कारण कालवणाला चव हाडाची आणि डोक्याची. बाजारात ओंडका आणि कोयता, घरात विळी. हाड खाणाऱ्याला हाड कापणारं पातं लागतं.

पोलादाचीही एक गंमत आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. ते बनायचं दक्षिणेत (शब्द बहुधा कन्नड 'उक्कु'वरून आला), पण १७९५ च्या जॉर्ज पिअर्सन यांच्या निबंधाच्या शीर्षकात चक्क 'मुंबईत बनलेलं' असं छापलं गेलं. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या बनवणाऱ्याला ते फार आवडलं. पुढे त्याने मायकेल फॅरेडेबरोबर १८२० च्या आसपास तसं पोलाद करायचे प्रयोग केले. पोलादावर निबंध निघाले, विळीवर बसणाऱ्या बाईच्या हातावर एकही नाही.

नॉटिंगहॅमहून गाडीने तासाभरावर असलेल्या शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रणं करून पाहत होता. त्यातलं क्रोमियमचं एक पोलाद आम्लाला दाद देईना. हेच स्टेनलेस. व्हिनेगरला, लिंबाला न डागणारी सुरी! सुरुवातीला "न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक" म्हणून लोकांनी त्याची थट्टा केली, कारण त्या पोलादाला धार आणणं जमत नव्हतं. आजीची विळी साध्या पोलादाची. कोकम, चिंच लागून काळी पडलेली, दरवेळी पुसून खोबरेल लावावं लागतं. पण धार अशी की बस्स.

तर मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून विळीवर बसलो. समोर लॅपटॉपवर आई. आधी पर काढले. मग पोट शेपटीकडच्या भोकापासून डोक्याकडे, वरवरच चिरायचं. खोल गेलं तर पित्त फुटून मासा कडू होतो. कल्ले आणि आतडी एकदम बाहेर. कण्याखालचं काळं रक्त चमच्याने खरवडलं. "आता धू. तुकडे केल्यावर धुवायचं नाही, चव जाते." मग डोकं, आणि मग तुकड्या. मांस पात्यावर ओढत न्यायचं, कणा लागला की थांबायचं. "जोर नको करूस, मासा जरा मागेपुढे कर, सांधा सापडेल." दोन मणक्यांमधला तो सांधा पात्याला सापडला की दोन्ही हातांनी दाबायचं. टक् आवाज येतो.

पहिल्या चार तुकड्या एक जाड, एक बारीक. पाचवी बरी आली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाय नीट ठेव पाटावर, सरकतोय." सौ. मागे उभी राहून बघत होती. सगळं आवरल्यावर तिने विचारलं, "पुढच्या वेळी मी बसू?" डोकं कोणी खायचं यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.