अंगण आणि आकाश
चार्ल्स कोरिया यांच्या वास्तुकार्याचे सिंहावलोकन

दर्यापूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला घर म्हणजे केवळ चार भिंती व छप्पर नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही. चंद्रभागेकाठच्या या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जुन्या वऱ्हाडी घराने या उन्हाशी आपल्या परीने तह केला होता. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेले धाबे, पुढे ओसरी आणि सारवलेले अंगण. दुपार आतल्या थंड काळोखात, सायंकाळ ओसरीवर आणि रात्र अंगणात बाज टाकून चांदण्यांखाली! एकाच घरात माणूस दिवसातून तीनदा आपले बिऱ्हाड हलवीत असे. या शहाणपणाला कोणी शास्त्र म्हटले नाही व ते बांधणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

हेच शहाणपण एका थोर वास्तुशिल्पकाराने आपल्या कलेचा पाया मानले. २०१३ साली लंडन येथे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेने चार्ल्स कोरिया यांच्या संपूर्ण कारकिर्दीचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरविले. ‘भारताचा सर्वश्रेष्ठ वास्तुकार’ असा त्यांचा गौरव प्रदर्शनाच्या शीर्षकातच करण्यात आला होता. त्यास निमित्तही तसेच होते. कोरियांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाटने त्या संस्थेच्या संग्रहाला दान केली होती. पुढे दोनच वर्षांनी, १६ जून २०१५ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यामुळे ते प्रदर्शन म्हणजे एका परीने आयुष्याच्या सायंकाळी मांडलेला जमाखर्चच ठरला.

गोव्यातील कॅथलिक घराण्याचा वारसा असलेल्या कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत गेले, मिशिगन विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वास्तुविद्येचे शिक्षण घेऊन परतले आणि १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. वय अवघे २८ वर्षे. त्याच सुमारास त्यांच्याकडे जे काम आले, त्याने त्यांची दिशा निश्चित केली. ते म्हणजे अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय.

राष्ट्रपित्याचे स्मारक म्हटले की भव्य घुमट व संगमरवरी खांब कोणाच्याही डोळ्यांपुढे उभे राहतील. कोरियांनी मात्र विटांचे साधे खांब, दगडी फरशी, लाकडी दारे व कौलारू छपरे निवडली. सहा मीटर लांबी-रुंदीचे छोटे चौकोन एकमेकांना जोडून त्यांनी जणू एक खेडे वसविले. काही चौकोन झाकलेले, काही उघडे आणि मध्ये पाण्याचे कुंड. खिडक्यांना काचा नाहीत; लाकडी पट्ट्यांतून वारा व उजेड आत येतो. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधीजींच्या साधेपणाची स्तुती भाषणात करणे सोपे. तो साधेपणा विटेत उतरविणे कठीण. तरुण कोरियांनी तो उतरविला.

‘आकाशाखालची मोकळी जागा’ हे त्यानंतर त्यांच्या कार्याचे जणू पालुपद बनले. उष्ण देशात उघडे अंगण ही चैन नसून घराची एक खोलीच आहे, आणि गरिबासाठी तर ती सर्वांत स्वस्त खोली आहे, असे ते मानीत. अहमदाबाद येथेच १९६१-६२ च्या सुमारास त्यांनी ‘ट्यूब हाऊस’ नावाचे एक अरुंद, लांबट घर रचले. तापलेली हवा उतरत्या छपराच्या आतून वर चढून बाहेर पडावी व तिच्या जागी गार हवा खालून आत यावी, अशी त्याची योजना होती. पंखा नाही, यंत्र नाही. काम करतो तो हवेचा स्वभाव. त्याच शहरातील पारेख यांच्या घरात तर उन्हाळ्याच्या दिवसांसाठी एक भाग व हिवाळ्यासाठी आणि सायंकाळसाठी दुसरा, अशी त्यांनी रचना केली. वऱ्हाडातील आजीबाईला त्यात नवल वाटले नसते!

आपणां कॅथलिक वाचकांच्या दृष्टीने सर्वांत जवळची वास्तू मुंबईत दादर येथे आहे. १५९६ पासूनची परंपरा सांगणाऱ्या आणि लोक ज्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, त्या साल्वासाव मंदिराची सध्याची इमारत १९७० च्या दशकात कोरियांनी उभारली. उंच मनोरा व लांबलचक सभामंडप हा परिचित साचा त्यांनी बाजूला ठेवला. एकमेकांत गुंफलेल्या जागा, काहींवर काँक्रीटची निमुळती होत जाणारी कवचे, तर काही आकाशाखालचे चौक, अशी ही रचना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसृत केला आणि मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, याचे स्मरण येथे होते. उपासनेची भाषा आपली होऊ शकते, तर उपासनेचे छप्परही आपल्या हवामानाचे, आपल्या मातीचे का असू नये? दादरचे मंदिर हा प्रश्न शब्दांवाचून विचारते.

कोरियांची दृष्टी एका इमारतीपुरती नव्हती. १९६० च्या दशकात प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची कल्पना मांडली. १९७० नंतर काही वर्षे ते त्या शहराचे मुख्य वास्तुकार होते. बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सुमारे ५५० कुटुंबांची वसाहत सहा हेक्टरांत बसविली. सात घरे एका चौकाभोवती, असे तीन गट आणखी एका मोठ्या चौकाभोवती. प्रत्येक घर सुटे, म्हणजे मिळकत वाढेल तसे शेजाऱ्याला न दुखविता वाढविता येणारे. आज तेथील अनेक मूळ घरांच्या जागी काँक्रीटच्या इमारती आल्या आहेत. यात वास्तुकाराचा पराभव म्हणावा की त्यानेच दिलेल्या स्वातंत्र्याचा वापर? दोन्ही म्हणता येईल. चौक मात्र पुष्कळ ठिकाणी टिकले आहेत.

येथेच सिंहावलोकनाचा खरा प्रश्न उभा राहतो. रेखाटने लंडनच्या संग्रहात निर्धास्त आहेत. वास्तूंना तसा आसरा नाही. ट्यूब हाऊस पुढे पाडले गेले. पणजीच्या कला अकादमीत दुरुस्तीचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. चित्रकाराचे चित्र भिंतीवरून उतरवून जपता येते. वास्तू जपायची ती तिच्यात राहणाऱ्यांनी व तिच्यात प्रार्थना करणाऱ्यांनीच. प्रदर्शन वास्तुकाराचे असते, परीक्षा आपली.

१९५५ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती धर्मप्रांतात, वऱ्हाडच्या गावोगावी, नवी घरे व नवी प्रार्थनामंदिरे उभी राहतात. परदेशी चित्रातील टोकदार कमानी पाहून आपण नकाशा मागतो. मग पत्रे तापतात, सिमेंटचे छत तापते, आणि धर्मगुरूंच्या प्रवचनापेक्षा पंख्यांचाच आवाज मोठा होतो. अशा वेळी धर्मग्रामाच्या समितीने पहिला प्रश्न ‘दिसेल कसे?’ असा न विचारता ‘वारा कोठून येईल, सावली कोठे पडेल?’ असा विचारावा. जुनी इमारत उतरविण्यापूर्वी तिची मापे व छायाचित्रे काढून ती धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावीत. त्यासाठी लंडनला जावे लागत नाही.

कोरियांना १९८४ साली ब्रिटनमधील वास्तुकलेचे सुवर्णपदक मिळाले, २००६ साली पद्मविभूषणाने त्यांचा सन्मान झाला. परंतु त्यांनी जगाला जे सांगितले, ते आपल्या दारापुढेच पसरलेले होते. आपण ते अंगण ओळखावे आणि घर बांधताना त्याला जागा ठेवावी.