नोकरी गेली तर भत्ता कुठून मिळतो, आणि त्यावर कर लागतो का?

हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांनी आपल्या कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. गिरण्या थंडावल्यावर मात्र त्या घरांना एकच गोष्ट ऐकू आली, 'आता काही मिळत नाही.' हे पूर्ण खरं नाही. बेकारीचा भत्ता आपल्या देशात सरसकट सगळ्यांना नाही, पण ज्याच्या पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जातो त्याला आहे. आम्ही ज्या पालकांशी बोलतो त्यांच्यापैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं.

म्हणून आधी पगाराची चिठ्ठी बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के ईएसआयमध्ये जातात. आपल्या जिल्ह्यात एक मोठी अडचण आहे. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग कायद्याने हंगामी कारखान्यात धरलं जातं आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नाही. म्हणजे ज्याची रोजी दर उन्हाळ्यात तुटते, त्यालाच हा भत्ता नाही. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं, पण आज नियम असा आहे.

ईएसआय असेल तर दोन योजना लक्षात ठेवा. पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 पासूनची. यात सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. महिना 15,000 पगार म्हणजे रोज 500, त्याचे निम्मे 250, म्हणजे 90 दिवसांचे 22,500 रुपये. नोकरी किमान दोन वर्षं झालेली हवी. शेवटच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढीच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी सुटून 30 दिवस झाले की अर्ज करता येतो, मालकाच्या सहीसाठी चकरा मारायची गरज नाही. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 2005 पासूनची. कारखाना बंद झाला, कायदेशीर कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने 40 टक्के वा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर 24 महिने भत्ता मिळतो. पहिल्या वर्षी पगाराच्या 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 25 टक्के. या काळात घरच्यांचा दवाखानाही चालू राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो' असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी घरात, युनियनमध्ये, जाणकाराशी बोला. स्वतःहून नोकरी सोडली असं कागदावर आलं की वरचे दोन्ही भत्ते हातचे जातात. कपातीची भरपाईही जाते, जी एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी असते. कागदावर 'कपात' लिहिलंय की 'राजीनामा', यावर सगळं ठरतं.

कराची भीती बहुतेकांना विनाकारण वाटते. 21,000 च्या आत पगार म्हणजे वर्षाचे 2,52,000 च्या आत. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर करच नाही, त्यामुळे भत्ता धरूनही कर भरायची वेळ येत नाही. कपातीची भरपाई पाच लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटी 20 लाखांपर्यंत करमुक्त आहे.

खरी कात्री लागते ती पीएफला. पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा त्याहून जास्त रक्कम काढली तर 10 टक्के टीडीएस कापला जातो, पॅन जोडलेला नसेल तर 20 टक्के. 80,000 काढले तर एका बाबतीत 8,000 गेले, दुसऱ्यात 16,000. उत्पन्न करपात्र नसेल तर आधीच घोषणापत्र द्या, ज्याला सगळे 15जी म्हणतात. कापले गेलेच असतील तर त्या वर्षाचं विवरणपत्र भरून परत मागता येतात. लोक विवरणपत्र भरत नाहीत आणि पैसे तिथेच राहतात. कारखानाच बंद पडला किंवा तब्येतीमुळे काम सुटलं असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही. जुन्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात वळवला असेल तर ती वर्षंही मोजली जातात. नोकरी गेली की लगेच सगळा पीएफ काढून मोकळं होण्यापेक्षा थांबता येत असेल तर थांबावं, असं आमचं मत.

एक अडचण आपल्याच घरांत जास्त दिसते, नावाची. आधारवर 'शेख', पॅनवर 'शैख'. शाळेच्या दाखल्यात 'मोहम्मद' तर पीएफमध्ये नुसतं 'मो.'. संगणकाला ही दोन माणसं वाटतात आणि दावा परत येतो. आधार, पॅन, बँक आणि पीएफ, चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे नोकरी चालू असतानाच तपासा. पीएफमधली दुरुस्ती बऱ्याचदा मालकाकडून मंजूर व्हावी लागते, आणि बंद कारखान्याला कुलूप लागल्यावर तो मालक शोधायचा कुठे?