दाखल-कक्षातील सेवा : सिस्टर इग्नेशिया आणि मद्यपींची शुश्रूषा

मद्यपी हा पापी की रोगी, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वारंवार विचारला जातो. त्याचा निवाडा होईपर्यंत दारी उभ्या असलेल्या मनुष्याचे काय करावयाचे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी, सेंट टॉमस रुग्णालयात १९३९ साली जे घडले, त्याचा विचार ह्या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

हे रुग्णालय एका कॅथलिक भगिनीसंघाचे होते. तेथे रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम सिस्टर इग्नेशिया गॅव्हिन (१८८९–१९६६) यांच्याकडे होते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ह्या सिस्टर मूळच्या संगीतशिक्षिका. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना हे काम देण्यात आले होते. त्या काळी केवळ मद्यपी म्हणून कोणास दाखल करून घेण्यास सर्वसाधारण रुग्णालये नाखूष असत.

डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यचिकित्सक स्वतः दीर्घकाळ मद्याच्या आहारी गेले होते. जून १९३५ मध्ये ते त्यातून सुटले आणि बिल विल्सन यांच्यासह त्यांनी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या बंधुसंघाचा पाया घातला. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी एका मद्यपीसाठी खाट मागितली. सिस्टरांनी त्यास ‘तीव्र जठरदाह’ ह्या निदानाखाली दाखल करून घेतले. भेटीस येणाऱ्यांशी त्यास एकांती बोलता यावे म्हणून, रुग्णांची फुले रचून ठेवण्याच्या लहानशा खोलीत त्याची खाट हलविण्यात आली. भेटीस येणारे हे लोक व्यसनातून सुटलेलेच होते.

असे आडपडद्याचे निदान फार काळ चालणारे नव्हते, व चालूही नये. पुढे त्याच रुग्णालयात मद्यपींसाठी उघडपणे स्वतंत्र कक्ष निघाला. मुक्काम थोड्या दिवसांचा असे. शरीराची काळजी वैद्य घेत, आशेची साक्ष पूर्वीचे व्यसनी देत. निरोप घेणाऱ्यास सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत आणि पहिला प्याला घेण्यापूर्वी तो परत आणून देण्याचे वचन घेत. १९५० साली डॉ. स्मिथ निवर्तले, तोपर्यंत उभयतांनी सुमारे ५,००० रुग्णांची सेवा केली होती, असे सांगतात. १९५२ साली सिस्टरांनी क्लीव्हलंड येथे ‘रोझरी हॉल’ हा कक्ष सुरू केला.

डॉक्टर प्रॉटेस्टंट, सिस्टर कॅथलिक. दोघांनीही आपली श्रद्धा झाकली नाही, परंतु खाट देण्यापूर्वी कोणाचा पंथ विचारला नाही. आधी आसरा, मग सोबत, त्यानंतर बोध, असा त्यांच्या सेवेचा क्रम होता. आपल्याकडे बहुधा बोध आधी होतो व पुढील दोन्ही गोष्टी राहून जातात.

हीच परंपरा आपल्या देशातही रुजली आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’चे कार्य आरंभिले, पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभारले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेला. जखमी मनुष्य उतारशाळेच्या रक्षकाकडे राहिला. पाळक व धर्मशिक्षक यांच्या वाट्याला पुष्कळदा ह्या रक्षकाचेच काम येते. जवळचे केंद्र ठाऊक करून घेणे, व्यसनी बांधवास स्वतः तेथवर पोहोचविणे आणि तो परतल्यावर मंडळीत त्याची जागा राखून ठेवणे, एवढे तरी प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.