बृहद्घनांची विद्या : संकेतलेखन, रूपांतर आणि अवशेष

१

खेळण्यांचा इतिहास हा आपल्याकडे गंभीर अभ्यासाचा विषय सहसा मानला जात नाही. तथापि एखादी कृती हाताने करता येणे आणि तीच कृती दुसऱ्यास सांगता येणे, या दोहोंमधील अंतर कसे ओलांडले जाते हे पाहावयाचे असेल, तर गेल्या सुमारे पन्नास वर्षांत घडलेला फिरत्या घनांचा इतिहास अतिशय उद्बोधक ठरतो. सामान्यतः ‘रुबिक क्यूब’ या नावाने ओळखला जाणारा तीन थरांचा घन सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच वंशातील चार, पाच, सहा, सात आणि त्याहून अधिक थरांचे घन सोडविण्याचा छंदही आता जगभर पसरला आहे. या मोठ्या घनांना प्रस्तुत निबंधात ‘बृहद्घन’ म्हटले आहे. त्यांची विद्या कशी निर्माण झाली, ती कोणत्या साधनाने पसरली आणि पसरताना तिच्यातून काय निसटले, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

२

एर्नो रुबिक हे बुडापेस्ट येथील उपयोजित कलांच्या विद्यालयात अध्यापक होते. १९७४ साली त्यांनी पहिला घन तयार केला. स्वतःच तयार केलेली ही वस्तू एकदा विस्कटल्यावर पूर्ववत करण्यास त्यांना सुमारे एक महिना लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु तिचा अर्थ नीट लक्षात घेतला जात नाही. वस्तूची अंतर्रचना जाणणे हे एक ज्ञान आहे आणि तिच्या अवस्थांमधून वाट काढणे हे दुसरे. पहिले ज्ञान रुबिक यांच्यापाशी पूर्णपणे होते. दुसरे त्यांना शून्यातून मिळवावे लागले. १९७५ च्या जानेवारीत त्यांनी हंगेरीत पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७७ च्या अखेरीस ‘ब्यूव्होश कोत्स्का’, म्हणजे ‘जादूचा घन’, या नावाने तो बुडापेस्टच्या दुकानांत आला. १९८० साली अमेरिकेतील आयडियल टॉय या कंपनीने त्यास शोधकाचे नाव देऊन तो जगाच्या बाजारात आणला.

या पहिल्या काळात घन सोडविणारा प्रत्येक मनुष्य आपली विद्या स्वतः निर्माण करीत होता, आणि बहुधा ती त्याच्या हातांतच राहत होती. तोंडी सांगावयाचे तरी कसे? ‘लाल बाजू आपल्याकडे करून निळी वर फिरवा’ असे म्हणावे, तर दुसऱ्याच्या घनावर रंगांची मांडणी निराळी असे. थोडक्यात, विद्या होती. तिची भाषा नव्हती.

३

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मुख्यतः लंडनमधील गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांच्याकडे जाते. १९७८ साली हेलसिंकी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेच्या निमित्ताने हा घन पश्चिमेकडील गणितज्ञांच्या नजरेस आला. त्यानंतर १९७९ साली सिंगमास्टर यांनी ‘नोट्स ऑन रुबिक्स मॅजिक क्यूब’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील संकेतपद्धती आजही रूढ आहे. पुढची, मागची, डावी, उजवी, वरची व खालची अशा सहा बाजूंच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे, म्हणजे एफ, बी, एल, आर, यू आणि डी, ही त्या त्या बाजूचे घड्याळाच्या दिशेने पाव वळण दर्शवितात. उलट वळणासाठी अक्षराच्या डोक्यावर एक टिंबवजा रेघ आणि अर्ध्या वळणासाठी दोनचा आकडा. एवढीच ही वर्णमाला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तीत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, ही अक्षरे रंगवाचक नसून स्थानदर्शक आहेत. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘समोर’ या शब्दांप्रमाणे त्यांचा अर्थ घन धरणाऱ्याच्या अपेक्षेने ठरतो. म्हणून कोणत्याही घनावर व कोणत्याही हातात ती सारखीच लागू पडतात. दुसरी, ‘वर’ व ‘खाली’ यांसाठी निवडलेल्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे इतरांशी गोंधळ करीत नाहीत. ‘तळ’ या अर्थाचा नेहमीचा शब्द घेतला असता तर ‘मागची’ बाजू व ‘तळ’ यांचे आद्याक्षर एकच झाले असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, घनाच्या प्रत्येक तुकड्याचे नाव याच अक्षरांच्या समासाने बनते आणि त्या समासातील पदक्रमास अर्थ असतो. ‘यूएफ’ आणि ‘एफयू’ ही एकाच कडेची नावे. परंतु त्यांतील क्रमभेदाने तो तुकडा उलटा बसला आहे की सुलटा हे कळते. अल्प साधनांतून पुष्कळ सांगणे हे शास्त्रीय परिभाषेचे लक्षण आहे, आणि पाणिनीच्या प्रत्याहारांशी परिचय असलेल्या वाचकास त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

लिपी मिळताच विद्येचा प्रसार किती वेगाने झाला हे पुढील दोन वर्षांत दिसून आले. मार्च १९८१ मध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात या घनाचा विस्तृत परामर्श घेतला. त्याच वर्षी जेम्स नोर्स यांचे सोडवणुकीचे पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपले आणि पॅट्रिक बॉसर्ट या इंग्लंडमधील शाळकरी मुलाचे पुस्तकही लोकप्रिय झाले. ५ जून १९८२ रोजी बुडापेस्ट येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली; अमेरिकेतर्फे उतरलेल्या मिन्ह थाय यांनी ती २२.९५ सेकंदांत जिंकली. रुबिक यांना जे करावयास महिना लागला, ते आठ वर्षांनंतर अर्ध्या मिनिटाच्या आत होऊ लागले. हा फरक केवळ बोटांच्या चपळाईचा नव्हे. तो संचित आणि लिखित ज्ञानाचा आहे.

४

बृहद्घनांचा उदय याच लाटेत झाला. हंगेरीतील पेटर शेबेश्तेन यांनी चार थरांचा घन रचला आणि तो ‘रुबिक्स रिव्हेंज’ या नावाने बाजारात आला. पाच थरांचा घन उडो क्रेल या जर्मन शोधकाने सिद्ध केला. त्यास ‘प्रोफेसर्स क्यूब’ असे नाव मिळाले. थर वाढले की शक्य अवस्थांची संख्या कल्पनेपलीकडे जाते. तीन थरांच्या घनाच्या अवस्था सांगणारी संख्या २० अंकी आहे. चार थरांची ४६ अंकी, पाच थरांची ७५ अंकी आणि सात थरांची १६१ अंकी.

या संख्यांवरून काठिण्यही त्याच प्रमाणात वाढत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही. याचे कारण शिकणाऱ्यांनी अवलंबिलेल्या एका युक्तीत आहे. प्रथम प्रत्येक बाजूचे मधले तुकडे रंगानुसार एकत्र आणावयाचे. नंतर एकाच कडेचे विखुरलेले तुकडे शोधून जोडावयाचे. इतके झाले की मधला समूह एक मध्य म्हणून, जोडलेले तुकडे एक कड म्हणून वागू लागतात, आणि आपल्या हातात जणू तीन थरांचाच घन उरतो. तो सोडविण्याची रीत आधीच ठाऊक असते. या पद्धतीस ‘रिडक्शन’ म्हणतात. तिला रूपांतर म्हणणे अधिक अन्वर्थक होईल, कारण येथे अपरिचित भाषेतील मजकूर परिचित भाषेत आणला जातो. पुढे २००९ च्या सुमारास रॉबर्ट याऊ यांनी या टप्प्यांचा क्रम बदलून चार थरांसाठी अधिक जलद पद्धत रूढ केली. परंतु मूळ कल्पना तीच राहिली. चार आणि पाच थरांचे घन ज्याला येतात, त्याला सात थरांसाठी जवळजवळ काहीही नवे शिकावे लागत नाही. केवळ वेळ आणि सावधानता अधिक लागते.

५

परंतु कोणतेही रूपांतर निर्दोष नसते. चार थरांचा घन प्रथमच सोडविणाऱ्यास शेवटच्या टप्प्यावर कधीकधी एक विलक्षण अवस्था भेटते. सर्व काही जागेवर असून एकच कड उलटी दिसते. तीन थरांच्या घनावर ही अवस्था सर्वथा अशक्य आहे. वळणे कशीही द्या, एकटी कड कधीही उलटत नाही. म्हणजे रूपांतरित मजकुरात असे एक वाक्य येते की जे त्या भाषेच्या व्याकरणात बसतच नाही. या अडचणीस छंदिष्टांच्या परिभाषेत ‘पॅरिटी’, म्हणजे समविषमता, असे म्हणतात.

तिचे मूळ समजावून घेण्यासारखे आहे. चार वस्तूंची चक्राकार जागापालट ही तीन अदलाबदलींनी साधते, म्हणून ती विषम होय. तीन वस्तूंची जागापालट दोन अदलाबदलींनी साधते, म्हणून ती सम होय. चार थरांच्या घनात आतील थरास एक पाव वळण दिले की कडांचे चार तुकडे चक्राकार फिरतात, अर्थात कडांच्या तुकड्यांची समविषमता बदलते. बाहेरील थराच्या वळणाने मात्र असे आठ तुकडे दोन चक्रांत फिरतात आणि समविषमता तशीच राहते. तेव्हा आतील पाव वळणांची एकूण संख्या विषम असेल, तर कडांचे तुकडे विषम स्थितीत अडकून पडतात. हा दोष मधल्या तुकड्यांवर दिसत नाही. कड ‘उलटी’ झाली असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिच्या दोन जुळ्या तुकड्यांनी जागा बदललेल्या असतात. चार थरांचा सुटा कडतुकडा आपल्या जागी राहून उलटूच शकत नाही. ‘उलटी कड’ हे वर्णन केवळ तीन थरांच्या भाषेतील आहे. मूळ भाषेत ते ‘दोन जुळ्यांची अदलाबदल’ असे आहे. रूपांतरात जे झाकले गेले, ते शेवटी अवशेषरूपाने वर येते.

पाठ्यपुस्तके यावर सुमारे पंधरा वळणांचे एक सूत्र देतात. ते पाठ केले की काम भागते. परंतु ज्याने मूळ कारण जाणले आहे, त्याला पाठांतराची गरज नसते. तो आतील थरास एकच पाव वळण देतो, समविषमता दुरुस्त करतो आणि विस्कटलेले तुकडे तीन-तीनांच्या चक्रांनी पुन्हा बसवितो. ही चक्रेही त्याला रचता येतात: एक कृती, मग दुसरी, मग पहिलीची उलट, मग दुसरीची उलट. या दोन कृतींच्या टापूत एकच तुकडा सामाईक असेल, तर शेवटी केवळ तीन तुकडे हलतात आणि उरलेला घन जसाच्या तसा राहतो. ही वाट लांब आहे. पण तिच्यातील प्रत्येक पाऊल चालणाऱ्याचे स्वतःचे असते.

६

सिंगमास्टर यांच्या वर्णमालेलाही बृहद्घनांनी ताण दिला. सहा अक्षरे सहा बाहेरील बाजूंना पुरतात. आतील थरांना नावे कोठून आणावयाची? काहींनी लहान लिपीतील अक्षरे वापरली. पण लहान ‘आर’ म्हणजे केवळ आतील थर, की बाहेरील व आतील दोन्ही मिळून, याविषयी लेखकालेखकांत एकवाक्यता राहिली नाही. एकच सूत्र दोन पुस्तकांतून दोन निराळे परिणाम देऊ लागले. २००४ साली स्थापन झालेल्या जागतिक क्यूब संघटनेच्या नियमांत यावर तोडगा आहे. एकत्र फिरणाऱ्या थरांसाठी अक्षरापुढे ‘डब्ल्यू’ जोडावयाचा आणि थर दोहोंपेक्षा अधिक असल्यास आरंभी त्यांची संख्या लिहावयाची. बोलीतील भेद प्रमाणभाषेने मिटवावेत, तसाच हा प्रकार होय.

रचनेच्या बाजूनेही एक मर्यादा होती. सपाट पृष्ठाच्या व समान जाडीच्या थरांच्या घनात बाहेरील थर ४५ अंशांनी फिरविला असता कोपऱ्याचा तुकडा आतल्या आधारावर राहिला पाहिजे. भूमितीने हे सहा थरांपर्यंतच शक्य आहे. सातव्या थरास कोपरा आधाराबाहेर पडतो. ग्रीसचे पानायोतिस वेर्देस यांनी २००८ साली बाजारात आणलेल्या सात थरांच्या घनाची पृष्ठे किंचित फुगीर आहेत, ती याच कारणामुळे. २०११ साली ऑस्कर फान डेव्हेंटर यांनी सतरा थरांचा घन घडविला. त्यात बाहेरून दिसणारे तुकडेच १,५३८ आहेत.

७

या छंदाच्या परिभाषेत ‘अल्गोरिदम’ या शब्दाचा जो अर्थसंकोच झाला आहे, तो अखेरीस नमूद करणे अगत्याचे वाटते. नवव्या शतकातील गणितज्ञ अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आलेला हा शब्द गणितात ‘निश्चित पायऱ्यांनी उत्तरास नेणारी रीत’ या व्यापक अर्थाने वापरला जातो. घन सोडविणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ ‘पाठ करावयाची वळणांची मालिका’ एवढाच उरला आहे. संकेतलेखनाने विद्या सर्वांस सुलभ केली, हा त्याचा मोठा उपकार; परंतु त्याचबरोबर न समजताही शेवटास पोचण्याची सोय त्याने करून दिली.

प्रस्तुत लेखकास हे वर्षानुवर्षे व्याकरणाच्या वर्गात दिसत आले आहे. सूत्र तोंडपाठ असलेला विद्यार्थी बहुतेक उदाहरणे अचूक सोडवितो. अपवाद समोर आला की थांबतो आणि अपवादासाठी आणखी एक सूत्र मागतो. तो अपवाद म्हणजे त्याने वापरलेल्या वर्णनाची मर्यादा असू शकते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. सूत्रे पाठ करू नयेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यावाचून महिनाभराचे काम अर्ध्या मिनिटात आले नसते. परंतु शेवटच्या टप्प्यावर एकच कड उलटी दिसू लागेल, तेव्हा पंधरा वळणे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून ती खरोखर उलटी आहे काय, एवढा प्रश्न शिकणाऱ्याने स्वतःस विचारावा आणि शिकविणाऱ्याने तो विचारावयास लावावा.