३४ इंचांची सनद

लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून अमेरिकेस निघालेली पुण्या-नागपुराकडची वृद्ध दांपत्ये ज्या आसनावर पंधरा-सोळा तास गुडघे आवळून बसतात, ते आसन इतके अरुंद का, असे कोणी विचारले असता बहुधा उत्तर मिळते की विमान हे यंत्रच तसे आहे, त्यात जागा ती किती असणार! हे उत्तर इतिहासाला धरून नाही. इकॉनॉमी वर्गाची गैरसोय यंत्राच्या पोटातून उपजलेली नसून कागदावर ठरलेली आहे. तिला जन्मतारीख आहे, तिची कलमे होती, आणि प्रवाशाच्या वाट्याला काय येऊ नये हे त्या कलमांत जसे लिहिले होते, तसेच त्याच्या हक्काची जागा किती, हेही लिहिले होते.

या वर्गाचा जन्म होण्यापूर्वी आकाशमार्गाने दूरचा प्रवास करणे म्हणजे कष्ट सोसण्याचा मान पैसे मोजून मिळवणे होते. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही वाहतूक सुरू केली, तेव्हा भाडे १३० पौंड होते, प्रवासास सुमारे सात दिवस लागत, आणि बाझेलपासून जिनोआपर्यंतचा टप्पा प्रवाशांना चक्क आगगाडीने ओलांडावा लागे. त्या काळच्या विमानांत वजन वाचावे म्हणून वेताच्या खुर्च्या असत. एंजिनांचा आवाज कानठळ्या बसवी, आणि ढगांच्या वर जाण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे प्रत्येक वादळ प्रवाशांच्या पोटात शिरे. पण रात्र झाली की विमान खाली उतरे आणि प्रवासी पलंगावर आडवा होई, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्याच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय असल्यामुळे ते वादळांच्या वरून जाऊ शके. बल्लार्ड पिअरवर आगबोटीत चढून आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत विलायत एक-दीड दिवसावर येऊन ठेपली.

स्वस्त वर्गाची कल्पना पुढे आणली ती पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या हुआन ट्रिप या धुरंधर गृहस्थाने, आणि तिच्यामागे प्रवाशांना छळण्याचा हेतू मुळीच नव्हता. विमान ही केवळ धनिकांची मिरास राहू नये, अशी त्याची धारणा होती. १९४५ साली त्याने न्यूयॉर्क-लंडन प्रवासाचे भाडे २७५ डॉलरवर आणण्याचा मनसुबा जाहीर केला. परंतु ब्रिटिश सरकारने त्या दरास मुभा नाकारली आणि बेत मोडला. त्याच वर्षी हवाना येथे विमान कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती आयाटा, यापुढे भाड्यांचे दर सर्वानुमते ठरवू लागली. तेव्हा स्वस्त भाड्याची दरखास्त या सभेपुढे रुजू करून संमत होईपर्यंत ट्रिपला १९५२ सालची वाट पाहावी लागली. १ मे १९५२ पासून उत्तर अटलांटिकवर ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला. जेथे एका रांगेत चार आसने होती तेथे पाच आली, भाडे घटले, आणि ज्यांनी विमान केवळ डोक्यावरून जाताना पाहिले होते असे मध्यमवर्गीय लोक त्यात बसू लागले.

सहा वर्षांनी, १ एप्रिल १९५८ रोजी, या वर्गाच्याही खाली आणखी एक वर्ग निर्माण करण्यात आला व त्यास ‘इकॉनॉमी’ हे नाव मिळाले. त्याचे भाडे टूरिस्टहून सुमारे वीस टक्क्यांनी कमी होते. स्वस्त दराचा मोह होऊन वरच्या वर्गातील गिऱ्हाईक खाली उतरू नये, या धास्तीने आयाटाच्या सभासदांनी जो तहनामा केला, त्यात आसनांचे अंतर ३४ इंच ठरवले आणि गरम जेवणाची मनाई करून केवळ साध्या, थंड सँडविचची परवानगी दिली. हे अंतर म्हणजे पाय पसरण्याची मोकळी जागा नव्हे. एका आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनाच्या पाठीपर्यंतचे ते माप असून त्यात गादीची जाडीही मोजली जाते.

सँडविचच्या या कलमावरून लवकरच फिर्याद उभी राहिली. स्कँडिनेव्हियात पावाच्या एकाच कापावर मासे, मांस, चीज यांची आरास मांडून उघडे सँडविच वाढण्याची जुनी वहिवाट आहे, आणि तिला अनुसरून तेथील एसएएस कंपनीने आपल्या इकॉनॉमी प्रवाशांची चांगली बडदास्त ठेवली. पॅन अमेरिकनने तक्रार केली की हे सँडविच नसून भोजन आहे. आयाटाने त्याची चौकशी केली, सँडविच साधे, थंड, स्वस्त असावे व त्यात पाव ठळकपणे दिसावा असा निवाडा दिला, आणि एसएएसला दंड ठोठावला. वृत्तपत्रांनी या प्रकरणाची चेष्टा केली. मला मात्र त्यात एका संपूर्ण युगाचे अंतरंग दिसते. प्रवाशास काही अधिक देणे हा येथे अपराध ठरला होता, ही गोष्ट खेदाचीच. पण ज्या दप्तरात पावाच्या कापाचीही नोंद होती, त्याच दप्तरात त्या प्रवाशाचे ३४ इंचही नोंदलेले होते, आणि ते चोरण्याची कोणाची छाती नव्हती.

१९६० साली एअर-इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने लंडनला व पुढे न्यूयॉर्कला जाऊ लागली, आणि अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना आपली दारे उघडल्यावर आपल्याकडील तरुण डॉक्टर व इंजिनिअर याच मार्गाने निघाले. २२ जानेवारी १९७० रोजी बोइंग ७४७ ने वाहतुकीस आरंभ केला. पुढच्याच वर्षी एअर-इंडियाचे ‘एम्परर अशोक’ मुंबईस आले. या विमानाची रुंदी एवढी होती की ती भरावी कशी असा कंपन्यांना पेच पडला. अमेरिकन एअरलाइन्सने तर १९७१ मध्ये सामान्य वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची खोली करून तीत पियानो ठेवला! प्रारंभी एका रांगेत नऊ आसने होती. मग १९७३ साली तेलाचे भाव कडाडले. बैठका मोडल्या, पियानो गेले, आणि नवांच्या जागी दहा आसने आली.

१९७८ साली अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानवाहतुकीवरील दरांचे नियंत्रण उठवले, त्याच सुमारास आयाटाच्या तहनाम्यांचीही पकड सुटली, आणि जुन्या दप्तरातील मनाईबरोबर जुनी हमीही रद्द झाली. याचा लाभ झाला नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण भाडी उतरली नसती तर शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाला परदेशी शिक्षण घेणे स्वप्नातच राहिले असते. पण ३४ इंचांचे ३१ इंच झाले. बोइंग ७७७ मध्ये जेथे बहुतेक कंपन्या नऊ आसने ठेवीत तेथे दहा बसली. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ ची कथा तर विशेष उद्बोधक आहे. त्याच्या रचनाकारांनी कक्षातील हवेचा दाब ८,००० फुटांवरील हवेऐवजी ६,००० फुटांवरील हवेइतका राखला, त्यामुळे श्वास सुकर झाला व थकवा कमी झाला. आणि मूळच्या आराखड्यातील आठ आसनांच्या रांगेत कंपन्यांनी नववे आसन घुसवले. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांत आठच आसने ठेवली, यावरून हे नववे आसन अपरिहार्य नव्हते हे उघड आहे.

कोणी म्हणेल, स्वस्त भाडे हवे तर थोडी अडचण सोसावी. परंतु हा प्रश्न केवळ सुखासीनतेचा नाही. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव चालू असता भुयारी आश्रयस्थानांत लोक रात्रभर आरामखुर्च्यांत बसून झोपत. कीथ सिम्प्सन या वैद्याला त्यांच्यांत पायातील रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन होणारे मृत्यू एकाएकी वाढलेले दिसले, आणि खुर्चीची पुढची दांडी गुडघ्यामागील रक्तवाहिन्या दाबते, हे त्याचे कारण त्याने नोंदले. उपाय त्याने सांगितला तो खुर्च्या काढून झोपण्याच्या फळ्या देण्याचा. १९५४ मध्ये अमेरिकन शल्यविशारद जॉन होमन्सने हीच व्याधी दीर्घ विमानप्रवासानंतर उद्भवल्याचे लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ निश्चल बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच आहे. तथापि वयोवृद्ध, स्थूल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली किंवा गर्भवती व्यक्ती यांच्या बाबतीत तो अधिक असतो.

सरकारांनी या बाबतीत हात घातला तो संकोचानेच. ब्रिटनने १९८९ पासून आसनाची पाठ व पुढील आसनाची मागची बाजू यांत किमान २६ इंच अंतर असावे असा नियम केला, पण तो आपत्तीच्या वेळी विमानातून चटकन बाहेर पडता यावे एवढ्यासाठी. अमेरिकेच्या संसदेने २०१८ साली आसनांचे किमान माप वर्षभरात ठरवण्याचा हुकूम तेथील विमान खात्यास दिला. ती मुदत आकड्याविनाच उलटून गेली.

पुनश्च १९५८ चा तहनामा आणावा, असे माझे म्हणणे नाही. दरांची मक्तेदारी गेली हे योग्यच झाले. मागणे एवढेच आहे की, भाड्याचा आकडा जसा ठळक अक्षरांत छापला जातो, तसाच दोन आसनांतील अंतराचा व आसनाच्या रुंदीचा आकडा इंचांत प्रत्येक तिकिटावर छापावा, अशी सक्ती आपल्या सरकारने करावी. तोपर्यंत आपल्या आईवडिलांचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने पैसे भरण्यापूर्वी कंपनीस हे दोन आकडे विचारावेत, शक्य तेथे मार्गालगतचे आसन घ्यावे, आणि दर दोन तासांनी उठून चालण्याची ताकीद त्यांना निघण्यापूर्वीच द्यावी.