उंदराचा डोळा मोजताना

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रोज हाताळला जाणारा साधा मायक्रोमीटर 0.01 मिलिमीटर, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंत मोजतो. उंदराच्या डोळ्याला हे पुरत नाही. पूर्ण वाढलेल्या उंदराचा डोळा जेमतेम 3.3 मिलिमीटर लांब असतो (आपला सुमारे 24). त्यात 5-6 मायक्रॉनांचा फरक पडला की चष्म्याचा नंबर एकाने बदलावा! शिवाय जिवंत डोळा मायक्रोमीटरच्या जबड्यात धरणार कसा?

पण उंदराचा नंबर हवा कशाला? 1977 मध्ये विझेल आणि राव्हिओला यांनी दाखवले की, पापण्या शिवून बंद केलेल्या माकडाच्या पिलांचा डोळा अधिक लांब वाढतो आणि निकटदृष्टिता येते. फळा दिसत नाही म्हणून पुढच्या बाकावर येणाऱ्या मुलांचे कोडे हेच आहे. आनुवंशिकतेचा वाटा तपासायला उंदीर सोयीचा.

आधी एक गैरसमज दूर व्हावा लागला. डोळ्यात प्रकाश टाकून, परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढला की लहान प्राणी हटकून दूरदृष्टीचे ठरत. 1970 मध्ये ग्लिकस्टीन आणि मिलोडो यांनी कारण सुचवले: प्रकाश दृष्टिपटलाच्या पुढच्या पृष्ठभागावरून परततो, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मात्र मागे असतात. डोळा लहान झाला तरी दृष्टिपटल त्या प्रमाणात पातळ होत नाही, म्हणून चूक फुगते. प्राण्याची दृष्टी सदोष नव्हतीच!

मग लांबीच थेट मोजायची. 1988 मध्ये फर्शर यांच्या गटाने माणसाच्या डोळ्याची लांबी व्यतिकरणाने मोजली. ज्याच्या लहरींचा मेळ अगदी थोड्या अंतरापुरता टिकतो असा प्रकाश घेतला, तर दोन वाटा जवळजवळ समान असतील तेव्हाच व्यतिकरणाचे पट्टे दिसतात. त्यावरून पारपटल ते दृष्टिपटल हे अंतर कळते. 1991 मध्ये अमेरिकेतील हुआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर दृष्टिपटलाचे छेदचित्र मिळवले. तीच ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. 2004 मध्ये जर्मनीत श्मुकर आणि शेफेल यांनी जिवंत उंदराच्या डोळ्याची लांबी अशा व्यतिकरणाने मोजली.

खरी मेख पुढे आहे. हे उपकरण प्रकाशीय अंतर देते. त्याला अपवर्तनांकाने भागावे लागते. उंदराच्या डोळ्याचा निम्म्याहून अधिक भाग भिंगानेच व्यापलेला असतो आणि त्या भिंगाचा अपवर्तनांक सर्वत्र सारखा नसतो. सरासरी अपवर्तनांक एक टक्क्याने चुकला तर लांबी 33 मायक्रॉनांनी चुकते, म्हणजे पाच-सहा नंबर! त्यामुळे एकट्या आकड्यावर फार विसंबू नये, असे मला वाटते. एकाच उंदराच्या एका डोळ्यावर धुरकट झाकण ठेवून दुसरा उघडा ठेवला, तर अपवर्तनांकाची चूक दोन्हींत जवळपास सारखीच येते आणि वजाबाकीत बव्हंशी निघून जाते.